आमच्या माघारी तिचं कोण?



११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्या बारांत आपला पन्हाळा आहे. कोल्हापूरकरांना आनंद झाला, तो व्हायलाच हवा होता. आता गडावर फलक लागतील, वाहनतळ वाढतील, माहिती केंद्रं उघडतील, देशोदेशीचे पाहुणे येतील. या सगळ्या बेतात आम्हाला एक साधा प्रश्न घालायचा आहे. चाकाच्या खुर्चीतली बाई तीन दरवाजापर्यंत कशी पोचणार? आणि पोचलीच, तर तिथे तिला लघवीला जायला जागा असेल का?

"गडच तो, चढायचाच असतो," हे उत्तर साल्हेर किंवा राजगडाबद्दल कुणी दिलं तर समजण्यासारखं आहे. खांदेरी, सुवर्णदुर्ग तर पाण्यातच आहेत. पन्हाळ्याची गोष्ट वेगळी. इथे गाडी थेट गडावर जाते. गडावर वस्ती आहे, नगरपरिषद आहे, एस.टी. जाते, शाळा भरतात. म्हणजे बारांपैकी ज्या गडावर अपंग माणसाला सर्वांत कमी कष्टांत नेता येईल, तो हाच. अंधारबावीच्या पायऱ्या फोडा किंवा सज्जाकोठीला लिफ्ट बसवा असं कुणीही म्हणत नाही. अंबरखान्याच्या आवारात खुर्ची सरकेल अशी वाट, चढावर धरायला कठडा, बोटांनी वाचता येईल असा नकाशा, आणि रुंद दाराचं एक स्वच्छतागृह, एवढंच मागणं आहे. बाहेर जायचं म्हटलं की सकाळपासून पाणी प्यायचं नाही, ही सवय आपल्या सगळ्याच बायांच्या अंगवळणी पडलेली आहे. खुर्चीतली बाई ती दुपटीने पाळते, आणि बहुतेक वेळा मग जातच नाही.

८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी यांच्या याचिकेवर निकाल दिला. रातुरी स्वतः दृष्टिहीन आहेत आणि त्यांची याचिका २००५ सालची. एकोणीस वर्षांनी न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता येतील अशा करणं हे सरकारच्या मर्जीवर ठेवता येत नाही. नियम शिफारशीच्या भाषेत लिहिले आहेत, ते बंधनकारक करा. तेव्हा गडावरचा उतार कुणी उपकार म्हणून बांधायचा नाही. तो कायद्याने बांधायचा आहे.

पण हे संपादकीय गडासाठी लिहायला घेतलेलं नाही. गडावरून खाली पाहिलं की जो तालुका दिसतो, त्याच्यासाठी घेतलं आहे. पूर्वेला कोडोली-वारणेकडचा ऊस, साखर, दूध, पक्के रस्ते. पश्चिमेला बाजारभोगावच्या पुढे डोंगर, पाऊस, विखुरलेल्या वाड्या आणि धनगरवाडे. या दोन्ही बाजूंच्या घराघरांत एक बाई अशी असते जिच्याबद्दल पाहुण्यांना सांगितलं जात नाही. ती मागच्या सोप्यात असते. कुणी आलं की तिला तिथेच थांबायला सांगतात. लहानपणी ताप आला आणि पाय गेला, किंवा जन्मतःच ऐकू येत नव्हतं, किंवा "डोक्यानं जरा मागं आहे." गावात तिचं नाव क्वचितच कुणी घेतं. पांगळी, बहिरी, खुळी, एवढ्यावर तिची ओळख संपते. उसाच्या चरकात किंवा कडबाकुट्टीत हात गेलेली, पदर अडकून जखमी झालेलीही एखादी असते. ती तर कालपर्यंत धडधाकट कामकरी बाई होती. हात गेला त्या दिवशी तिची मजुरी गेली, आणि पुष्कळदा त्यापाठोपाठ नवराही गेला.

अशा बाया किती आहेत? मोजणी काय सांगते पाहा. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांत पुरुष सुमारे १ कोटी ५० लाख आणि स्त्रिया १ कोटी १८ लाख. महाराष्ट्रात एकूण सुमारे २९ लाख ६३ हजार. २०१८ साली राष्ट्रीय नमुना पाहणी झाली, तिच्यातही पुरुषांत अपंगत्वाचं प्रमाण २.४ टक्के आणि स्त्रियांत १.९ टक्के निघालं. म्हणजे बायांना अपंगत्व कमी येतं? कुपोषण बायांत अधिक, अंगावर दुखणं काढणं बायांत अधिक, बाळंतपणातले धोके फक्त बायांना, मार खाणं बायांच्याच वाट्याला, आणि अपंगत्व मात्र कमी! हे पटण्यासारखं नाही. काही अपंग मुली जगतच नाहीत. पुरुष हाताला लागतात तेही धोक्याच्या कामांवर जास्त असतात, हेही खरं. पण बाकीच्या बऱ्याचजणी प्रगणक दारात आला तेव्हा सोप्यातच राहिल्या. धाकटीचं लग्न जमायचं असतं ना! "त्या घरात एक तसली आहे" हे कळलं की स्थळं परत फिरतात. त्यामुळे घर खोटं बोलतं, आणि त्या खोट्यावर सरकारचं अंदाजपत्रक उभं राहतं.

ज्या मोजल्या गेल्या त्यांचंही चित्र बरं नाही. त्याच जनगणनेप्रमाणे अपंग पुरुषांत साक्षर ६२ टक्के, अपंग स्त्रियांत ४५. काम करणारे पुरुष ४७ टक्के, स्त्रिया २३. यातली "काम न करणारी" बाई घरात भाकरी थापते, म्हशीची धार काढते, भावाची पोरं सांभाळते, पण ते काम कुठल्याच रकान्यात बसत नाही. बाईच्या घरकामाला किंमत नाही हे आपण वर्षानुवर्षं सांगत आलो आहोत. अपंग बाईच्या घरकामाला तर घरचेही काम म्हणत नाहीत. "बसून खाते" म्हणतात.

शब्दांबद्दल दोन ओळी. अपंग म्हणावं की दिव्यांग, यावर सभांमधून बराच वेळ जातो. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी दिव्यांग हा शब्द सुचवला आणि पुढे सरकारी कागदांत तो रूढ झाला. ज्यांना तो आवडतो त्यांनी जरूर वापरावा. पण कित्येक अपंग कार्यकर्त्यांनी त्याला उघड नापसंती दाखवली आहे, आणि त्यांचा मुद्दा आम्हाला पटतो. स्त्रीला देवी म्हटल्यावर काय होतं, हे आपल्यापेक्षा अधिक कुणाला ठाऊक असणार? मखरात बसवलं की मग मजुरी, वाटणी, रजा, संडास असलं काही मागता येत नाही. आम्ही कायद्याचं आणि योजनांचं नाव आलं तिथे दिव्यांग लिहितो, एरवी अपंग.

आता ज्या वाक्यासाठी हा लेख लिहिला त्याकडे वळू. अपंग मुलीच्या आईला कधीही, कुठेही भेटा. शाळेबद्दल, औषधाबद्दल, पेन्शनबद्दल बोलून झालं की ती गप्प होते आणि मग म्हणते, आमच्या माघारी तिचं कोण? पुष्कळ आया याच्याही पुढे जातात आणि देवाकडे मागतात की माझ्याआधी तिला ने. जोतिबाच्या डोंगरावर चांगभलं म्हणत गुलाल उधळणाऱ्या हजारो बायांमध्ये असलं मागणं मनात धरून आलेली बाई नसेल असं आम्हाला वाटत नाही. एका आईने आपल्या लेकराचं मरण मागावं, आणि ते ऐकून आपण तिच्या मायेचं कौतुक करावं, हे काय आहे? जे काम सगळ्या गावाचं, पंचायतीचं, सरकारचं होतं, ते एका बाईच्या पाठीवर टाकून दिलं की ती असंच बोलणार. बापही कष्टी असतो, नाही असं नाही. पण मुलीला उचलून परसात नेणं, तिचे कपडे बदलणं, तिची पाळी सांभाळणं, ती वयात आल्यावर रात्रीची एका कुशीवर झोपून तिच्यावर लक्ष ठेवणं, हे आईचं. मुलगी तीस वर्षांची होते, आई साठीची, आणि उचलायचं काही सुटत नाही.

याच जागी शिरूरची आठवण करून द्यायला हवी. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. दहाहून अधिक मुलींवर शस्त्रक्रिया झाल्या आणि आणखी काहींच्या व्हायच्या होत्या. कारण काय दिलं? या मुलींना पाळीतली स्वच्छता राखता येत नाही. आणि दबक्या आवाजातलं दुसरं कारण होतं, उद्या कुणी काही केलं तर गर्भ तरी राहायला नको. स्त्री संघटना, आरोग्य कार्यकर्ते, अपंगांसाठी काम करणारे अनेकजण या विरोधात उभे राहिले आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. तेव्हा फार कडाक्याचा वाद झाला होता. आपल्याला विरोध करणाऱ्यांत डॉक्टर होते, अधिकारी होते, आणि पालकही होते. पालकांचा राग खरा होता. "तुम्ही मोर्चा काढून घरी जाणार, रोज धुवायचं आम्हाला आहे," असा त्यांचा सूर होता.

तीस वर्षांनी त्या वादाकडे पाहताना दोन्ही गोष्टी एकदम धराव्या लागतात. संघटनांचं म्हणणं बरोबर होतं. वसतिगृहात पुरेशा मदतनीस बाया नाहीत, पाणी नाही, पाळीच्या कापडांची व्यवस्था नाही, मुलींना शिकवायला वेळ नाही, तर या गोष्टी आणायच्या की मुलींचं शरीर कापायचं? शिवाय पाळी थांबली म्हणून अत्याचार थांबत नाही. उलट गर्भ राहण्याची भीती गेली की अत्याचार करणाऱ्याला मोकळं रान मिळतं, कारण पुरावाच उरत नाही. २०११ साली पनवेलजवळ कळंबोलीच्या एका निवासी संस्थेत अशा मुलींवर काय चाललं होतं ते उघडकीला आलं. रखवालदारच चोर असेल तर गर्भाशय काढून कुणाचं रक्षण झालं? हे जितकं खरं, तितकाच पालकांचा प्रश्नही खरा होता. त्या आईला पाळीच्या चार दिवसांत कुणी एक तासभर सोडवणूक द्यायला आलं का? आजही येत नाही. म्हणून आजही गावोगावी, गाजावाजा न करता, "पिशवी काढून टाकू" हा सल्ला दिला जातो. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयांची चर्चा २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेली, ती त्या बाया बोलू शकत होत्या म्हणून. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या पिशव्यांची मोजणी कोण करणार?

कायदा आता पुष्कळ पुढे आला आहे. १९९५ चा पहिला कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि बाईचा वेगळा विचार जवळजवळ नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली आला, १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यात प्रकार एकवीस झाले. ॲसिडहल्ल्यात होरपळलेल्या व्यक्ती त्यात आल्या, सिकलसेल, थॅलसेमिया आला. नोकरीतलं आरक्षण तीन टक्क्यांवरून चार झालं. ज्या कोल्हापुरातून १९०२ साली शाहू महाराजांनी आरक्षणाचा जाहीरनामा काढला, तिथल्या लोकांना आरक्षण कशासाठी असतं हे वेगळं समजावायची गरज पडू नये. याच कायद्याच्या दहाव्या कलमात असं आहे की, अपंग व्यक्तीच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय तिला वंध्यत्व येईल असा कोणताही वैद्यकीय उपचार करता येणार नाही. बाईचा गर्भपात तिच्या स्पष्ट संमतीविना केला तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. इथे मात्र एक फट ठेवली आहे. अपंगत्व तीव्र असेल तर डॉक्टरांचं मत आणि पालकाची संमती पुरते. "तीव्र" कोण ठरवणार? जिला एका वाक्यात विचारलं, चित्र काढून विचारलं, ओळखीच्या बाईकडून विचारलं तर कळू शकतं, तिलाही घाईच्या ओपीडीत "हिला काही कळत नाही" म्हणून मोकळं होता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली चंडीगडच्या एका मुलीच्या खटल्यात तिची इच्छा मानली होती. ती सरकारी संस्थेत राहत होती, तिच्यावर तिथेच बलात्कार झाला होता आणि तिला मूल हवं होतं. तिला ते ठेवू दिलं गेलं. निकाल सगळ्यांना आवडला नव्हता, पण "तिला विचारा" एवढं तत्त्व त्याने पक्कं केलं.

२०१३ साली बलात्काराच्या कायद्यात बदल झाले तेव्हा अपंग बाईसाठी काही तरतुदी आल्या. तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी घ्यायचा, दुभाषी किंवा विशेष शिक्षिकेला बरोबर घ्यायचं, त्याचं चित्रीकरण करायचं. नव्या फौजदारी संहितेतही हे कायम आहे. तुमच्या पोलीस ठाण्याकडे खुणांची भाषा जाणणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि फोन आहे का, हे एकदा विचारून पाहा.

पैशाकडे येऊ, कारण माया, कर्तव्य वगैरे बोलताना पैसा नेहमी मागे पडतो. अपंग बाईला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून मदत मिळते. कित्येक वर्षं ती महिना हजाराच्या आत होती, मग हजार, २०२३ पासून दीड हजार, आणि २०२५ मध्ये सरकारने अपंगांसाठी ती अडीच हजार केली. ही वाढ चांगली आहे आणि ती मोर्च्यांनी आली, आपोआप आलेली नाही. पण त्यात दोन खोचा आहेत. २०१६ च्या कायद्याचं चोविसावं कलम सांगतं की अपंगांना दिली जाणारी मदत त्याच प्रकारच्या इतर मदतीपेक्षा किमान पंचवीस टक्क्यांनी जास्त असली पाहिजे, कारण अपंगाला जगायला खर्च जास्त लागतो. आठ वर्षं विधवा, निराधार, अपंग सगळ्यांना एकच रक्कम मिळत राहिली आणि या कलमाची आठवण कुणाला झाली नाही. दुसरी खोच उत्पन्नाच्या अटीची. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. निराधार योजनेत अपंगासाठी ही मर्यादा पन्नास हजार! ज्या घरात दोन माणसं रोजावर जातात तेसुद्धा यातून बाहेर पडतं. मग पन्नास हजारांचा दाखला "बसवून" घ्यावा लागतो, आणि तो बसवण्यासाठी कुणापुढे तरी वाकावं लागतं. बायांना वाकायला लावणारी व्यवस्था अशी साध्या रकान्यांतून उभी राहते.

त्याच चोविसाव्या कलमात, ज्यांना सतत मदत लागते अशा अपंगांसाठी देखभाल भत्त्याचंही नाव आहे. हे फार मोलाचं आहे. संसदेने पहिल्यांदा लिहून ठेवलं की सांभाळणं हेही एक काम आहे आणि त्याला पैसे पडतात. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं निघालं. त्या खात्याकडे आपण स्त्री संघटनांनी सर्वांत आधी या भत्त्याचा आग्रह धरला पाहिजे. अव्यंगाने दिव्यांगाशी लग्न केलं तर सरकार जोडप्याला पैसे देतं, तशी योजना कधीपासूनच आहे. (हा सरकारी हुंडाच की! ज्या जोडप्यांना त्याने संसार मांडता आला त्यांना आमचा विरोध नाही, पण बाईला कुणाच्या तरी गळ्यात घातलं की प्रश्न सुटला, ही समजूत आपल्या चांगल्या ओळखीची आहे.) लग्नाला पैसे आहेत, मग तीस वर्षं उचलणाऱ्या आईला का नाहीत?

"तिचं कोण?" या प्रश्नाचं एक उत्तर कोल्हापुरातच दिलं गेलं आहे आणि ते एका अपंग बाईनेच दिलं. नसीमा हुरजूक किशोरवयात कमरेखाली लुळ्या झाल्या. खेळणारी, नाचणारी मुलगी अंथरुणाला खिळली. बाबूकाका दिवाण स्वतः चाकाच्या खुर्चीतून व्यवसाय करत होते, आणि त्यांच्या भेटीने नसीमाताईंना पुढचं आयुष्य दिसलं. त्यांनी शिक्षण घेतलं, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली, आणि १९८४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. उचगावचं घरौंदा वसतिगृह, तिथली शाळा, सिंधुदुर्गातला काजूचा उद्योग, हे सगळं त्यातून निघालं. त्यांचं आत्मकथन 'चाकाची खुर्ची' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. आम्हाला त्यातली जिद्द तर भावतेच, पण त्याहून जास्त भावतो तो हिशेबीपणा. शस्त्रक्रियेला किती, कॅलिपरला किती, खुर्चीला किती, वसतिगृहाची दारं किती रुंद, संडासाची उंची किती. अपंग माणूस संस्था चालवतो तेव्हा दाराची रुंदी आधी मोजली जाते.

पण "अपंगांचं नसीमाताई बघतात" असं म्हणून आपण सुटायचं का? एक संस्था सगळ्या जिल्ह्याच्या आयांची माघार सांभाळू शकत नाही, तिने सांभाळावी अशी अपेक्षाही बरोबर नाही. कायद्याचं पाचवं कलम अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क देतं. बाजारभोगावच्या वाडीतल्या मुलीने शिकायला, जगायला उचगावपर्यंत का यावं? तिच्या गावातल्या शाळेला उतार का नसावा? एस.टी.त अपंगाला पाऊण तिकीट माफ आहे, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायांना अर्धं. पण गाडीची पहिली पायरी पूर्वीइतकीच उंच आहे. प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी कोल्हापूरला जायचं तर वाडीतून रस्त्यापर्यंत पाठुंगळी, मग गाडी, मग बदली गाडी, आणि तिथे बसायला जागा मिळाली नाही तर जमिनीवर. आईची एक दिवसाची मजुरी गेलीच. २०१८ च्या त्याच पाहणीत देशातल्या अपंगांपैकी जेमतेम २९ टक्क्यांकडे प्रमाणपत्र होतं, याचं नवल वाटायला नको. ज्याच्याकडे ते नाही त्याच्यासाठी वर लिहिलेलं एकही कलम उघडत नाही. तालुक्याच्या ठिकाणी, आणि पावसाळा संपल्यावर पश्चिमेकडच्या गावांत, तपासणीची पथकं ठरावीक वाराला यावीत, ही मागणी अवघड नाही.

पावसाळ्यावरून आठवलं. २०१९ आणि २०२१ ला पुराने काय केलं ते पंचगंगेच्या काठच्या लोकांना सांगायला नको. रेडेडोह फुटला की शिवाजी पुलापलीकडचा रस्ता पाण्याखाली जातो आणि पन्हाळ्याकडची वाट तुटते. चिखली, आंबेवाडी दरवर्षी जीव मुठीत धरून बसतात. २०२१ ला तर गडावर जाणारा रस्ताच खचला. बोट दारात येते तेव्हा आधी लेकरं, मग गुरांची काळजी, मग म्हातारी माणसं. जिला उचलायला दोघं लागतात तिची पाळी कधी येते? आणि छावणीत पोचल्यावर तिच्यासाठी संडास कुठे? आपत्तीच्या वेळी मदतीला जाता यावं म्हणून जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने अपंगांची नोंद ठेवावी, असं २०१६ च्या कायद्याचं आठवं कलम सांगतं. ही यादी गावनिहाय आहे का, तिच्यात बायांची नावं आहेत का, ती पुढच्या जूनच्या आधी तलाठ्याकडे आणि सरपंचाकडे पोचते का? तहसील कचेरीत जाऊन पाहण्यासारखी ही गोष्ट आहे.

आपल्या हातात आत्ता, या तिमाहीत, काय आहे? ग्रामपंचायतीने, नगरपरिषदेने, जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या शेवटी काहीतरी वस्तू वाटून, फोटो काढून तो संपवतात. कुणाला काय हवं हे विचारत नाहीत. कान ऐकू येत नसलेल्या बाईला घडीची काठी मिळते! गरिबी हटवण्याच्या योजनांत, घरकुलात पाच टक्के जागा अपंगांना आहेत आणि त्यात अपंग बायांना प्राधान्य आहे, हे सदतिसाव्या कलमात लिहिलेलं आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा भरते. ती बऱ्याचदा वहीवरच भरते हे ठाऊक आहे, पण यावेळी भरवून घ्या. ती मंदिराच्या ओट्यावर न घेता सपाट जागेवर घ्या, जिथे खुर्ची येईल, कुबडी टेकेल. सोप्यातल्या त्या बाईला तिच्या आईला विचारून आणि तिला स्वतःला विचारून घेऊन या. तिला बोलता येत नसेल तर तिची भाषा समजणारी कुणीतरी घरात असतेच, तिला शेजारी बसवा. सभेत पाच टक्क्यांचा हिशेब मागा, गेल्या तीन वर्षांचा, नावांसकट. पन्हाळ्यावर राहणाऱ्या मैत्रिणींनी हाच हिशेब नगरपरिषदेकडे मागावा, आणि गडासाठी आराखडा होतो आहे त्यात स्वच्छतागृहाचं दार किती इंचांचं धरलं आहे तेही पाहून घ्यावं.

आणि जनगणना येते आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. शेजारपाजारच्या घरांत आत्तापासून बोलायला लागा, की प्रगणक येईल तेव्हा तिला बाहेर बोलवा, तिचं नाव सांगा. धाकटीच्या लग्नाची भीती घालणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं, तेही आपापसात ठरवून ठेवा, कारण ती भीती खोटी नाही.

पाच टक्क्यांचा हिशेब मागितल्यावर कुणाला काय उत्तर मिळालं, ते आम्हाला पोस्टकार्डावर, पत्रातून, फोनवर, जमेल तसं कळवा. उत्तर मिळालं नाही, तर कुठल्या तारखेला, कुणाकडे, कितीव्यांदा मागितलं तेही लिहा. पुढच्या अंकात ती उत्तरं गावांच्या नावांसकट छापणार आहोत. बायांची नावं मात्र त्यांना विचारल्याशिवाय छापणार नाही.